लाईटवर चालणारा कंप्युटर

आमच्याकडे विजेला वीज कुणी म्हणत नाही. लाईट म्हणतात. लाईट आली, लाईट गेली, लाईट बिल, लाईटचा खांब. पिठाची गिरणी लाईटवर चालते आणि विहिरीवरची मोटारही लाईटवरच. त्यामुळे मागच्या दिवाळीत जेवताना मी सांगितलं, की आता लाईटवर चालणारे कंप्युटर येऊ घातलेत, तेव्हा अण्णांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मंग आतापर्यंत काय रॉकेलवर चालत होते का?"

सगळे हसले. त्यांच्यापुरता विषय तिथंच संपला. माझ्यापुरता संपण्यासारखा नव्हता. बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीकडून मला विचारणा झाली होती. ते लोक विजेऐवजी उजेडाने आकडेमोड करणारी चिप बनवतायत आणि तिच्यासाठी कंपायलर लिहिणारा माणूस त्यांना हवाय. पगार आत्तापेक्षा कमी. कंपनी तीन वर्षांनी असेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही. इकडे पुण्यात बरी नोकरी, शैक्षणिक कर्जाचे शेवटचे हप्ते आणि बहिणीच्या कॉलेजची फी. 'भविष्यातलं तंत्रज्ञान' या शब्दांवर भाळून नोकरी सोडावी, एवढी माझी ऐपत नाही. म्हणून गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी एकच काम केलं. या गोष्टीत खरंच काही दम आहे का, ते बघितलं. हा लेख म्हणजे त्याचा हिशोब.

*

सुरुवात वेगापासून करू, कारण सगळ्या बातम्या तिथूनच सुरू होतात. 'प्रकाशाच्या वेगाने चालणारा संगणक!' ऐकायला झकास आहे. पण प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो तो निर्वात पोकळीत. काचेच्या तंतूत शिरला की तो २ लाखांच्या आसपास येतो. आणि चांगल्या तांब्याच्या केबलमधून जाणारा विजेचा संदेशही साधारण तेवढ्याच वेगाने पळतो. तारेतले इलेक्ट्रॉन गोगलगायीच्या चालीने सरकतात हे खरं, पण त्यांनी एकमेकांना दिलेला धक्का पुढे झपाट्याने जातो. म्हणजे लांबच्या पल्ल्याला शर्यत लावली, तर तांबं काचेच्या फार मागे राहत नाही.

खरी भानगड उष्णतेची आहे. अर्धा तास गेम खेळल्यावर फोन चटका देतो, तीच. चिपमध्ये इकडून तिकडे एक बिट पाठवायचा म्हणजे मधली तार विद्युतभाराने भरायची आणि मग रिकामी करायची. शेतातली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. मोटार सुरू केल्याबरोबर शेवटच्या वाफ्यात पाणी पडत नाही. आधी सगळी पाइपलाइन भरावी लागते. मोटार बंद केली की पाइपातलं पाणी परत उतरतं. आता ही मोटार सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद करा. पाइप जितका लांब, तितकी नासाडी जास्त.

यातून एक गंमतशीर गोष्ट निघते. आजच्या संगणकात आकडेमोड स्वस्त आहे आणि ने-आण महाग. मेमरीच्या वेगळ्या चिपमधून एक आकडा उचलून आणायला जी ऊर्जा लागते, ती तो आकडा दुसऱ्या आकड्यात मिळवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट असते. दहा रुपयांची कोथिंबीर आणायला हजारो रुपयांची टॅक्सी करावी, तसं. २००५च्या सुमारास प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग ३-४ गिगाहर्ट्झपाशी अडला आणि आजही तो तिथून फारसा हललेला नाही. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण उष्णता आटोक्यात ठेवून त्यांना आणखी पळवता येईना. मग एकाच्या जागी दोन, चार, हजारो कोअर आले. कोअर वाढले तशी त्यांच्यातली ने-आण वाढली.

उजेडाला काच 'भरावी' लागत नाही. अंतर वाढलं तरी त्याचा खर्च फारसा वाढत नाही. शिवाय एकाच तंतूतून कितीतरी रंग एकाच वेळी जाऊ शकतात आणि प्रत्येक रंग आपापला निरोप घेऊन जातो. हे रंग इन्फ्रारेडमधले, आपल्या डोळ्यांना न दिसणारे. तुम्ही हा लेख वाचताय, तोही बराचसा प्रवास उजेड होऊन करून आलाय. टॉवरपासून तुमच्या फोनपर्यंत रेडिओ लहरी, पण त्याच्या अलीकडे लांबच लांब काच. देशाबाहेरचं इंटरनेट समुद्राखालच्या ज्या केबलमधून येतं, त्यांतल्या काही वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. त्यांच्या आतही केसाएवढी काचच असते.

या काचेच्या कहाणीत आपला एक माणूस आहे. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी. १९५४मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ केला तोही त्यांनीच. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६मध्ये मांडलं आणि २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये या सगळ्या इतिहासाचं प्रतिनिधित्व एक धूळ खाल्लेलं ट्रेनर किट करायचं. लाल एलईडी, मीटरभर प्लॅस्टिकचा तंतू. तो पेन्सिलीभोवती गुंडाळायचा, किती उजेड गळाला ते मोजायचं, जर्नल पूर्ण करायचं. तेवढ्यावर तोंडी परीक्षा निभावून जायची.

*

तर उजेड निरोप्या म्हणून पहिल्या नंबरचा आहे. मग त्याला हिशोबालाच का बसवू नये? इथं अडचण त्याच्या स्वभावाची येते.

अंधारात दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर आडवे मारून बघा. दोन्ही झोत एकमेकांतून आरपार जातात, काही घडलंच नसल्यासारखे. एकाच तंतूतून शंभर रंग भांडण न करता जातात ते याच गुणामुळे. पण संगणकाला भांडण लागतं. संगणकाच्या मुळाशी असतो खटका. एका संदेशाने दुसऱ्याला अडवायचं किंवा सोडायचं. ट्रान्झिस्टर हेच करतो. इलेक्ट्रॉनांवर विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात, म्हणून एका तारेतली वीज दुसऱ्या तारेतली वीज रोखू शकते. प्रकाशकण एकमेकांची दखलच घेत नाहीत. त्यांना ती घ्यायला लावायची तर मध्ये विशेष पदार्थ हवा, आणि बहुतेकदा भरपूर प्रखर उजेडही हवा.

तरी लोकांनी करून बघितलं. जानेवारी १९९०मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अॅलन हुआंग यांच्या गटाने उजेडावर चालणारा डिजिटल प्रोसेसर दाखवला. टेबलावर मांडलेले लेझर, भिंगं आणि उजेडाने उघडझाप होणारे बारीक खटके. गाजावाजा झाला. पुढच्या काळात ते टेबल काही कुणाच्या घरी पोचलं नाही. त्यातल्या खटक्यांमागचं मूळ काम होतं डेव्हिड मिलर यांचं. याच मिलर यांनी २०१०मध्ये 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये एक छोटा लेख लिहून उजेडाच्या ट्रान्झिस्टरने कोणत्या अटी पाळायला हव्यात, त्याची यादी दिली. एका खटक्यातून निघालेल्या उजेडाने पुढचा खटका हलला पाहिजे. एकच नाही, किमान दोन हलले पाहिजेत. वाटेत मंदावलेला संदेश प्रत्येक टप्प्यावर पुन्हा ताजातवाना झाला पाहिजे. पुढचा उजेड उलटा मागे येता कामा नये. आणि हे सगळं केसभर इकडेतिकडे झालं तरी चालत राहिलं पाहिजे. साधा सिलिकॉन ट्रान्झिस्टर या सगळ्या अटी रोज, न बोलता पाळतो. उजेडाचे खटके कुठे ना कुठे अडखळतात.

हा लेख मी दोनदा वाचला. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं त्या खटक्यात घातली, त्यानेच इतक्या थंड डोक्याने लिहिलेला. बंगळुरूला 'नाही' कळवायचं, असं त्या रात्री मी जवळजवळ ठरवलं होतं.

आणखी एक अडचण आकाराची. चिपवर वापरतात त्या इन्फ्रारेड उजेडाची लहर असते दीड मायक्रॉनच्या आसपास. सिलिकॉनमध्ये ती आखडते, तरी तिला वाहून नेणारा पाट साधारण अर्धा मायक्रॉन रुंद ठेवावाच लागतो. तेवढ्या जागेत आजचे कित्येक ट्रान्झिस्टर मावतात. हत्तीला कितीही शिकवलं तरी तो उंदराच्या बिळात शिरत नाही.

*

मग ही चर्चा आज पुन्हा का सुरू झाली? कारण मधल्या काळात उजेड बदलला नाही, आपलं काम बदललं.

खरं तर उजेड एका प्रकारचं गणित फार आधीपासून करतो. १९५०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि त्यांचे सहकारी विमानातल्या रडारची माहिती फोटोच्या फिल्मवर उतरवून घ्यायचे आणि तिच्यातून उजेड भिंगांकडे सोडायचे. पलीकडे जमिनीचं स्पष्ट चित्र तयार. त्या काळच्या डिजिटल संगणकांच्या आवाक्यात नसलेलं गणित भिंग करून टाकायचं. भिंगाला फूरिए ट्रान्सफॉर्म 'करावा' लागत नाही. उजेड त्यातून गेला की तो झालेला असतो. इंजिनिअरिंगला हे ट्रान्सफॉर्म हातानं सोडवताना ज्यांनी रात्री जागवल्यात, त्यांना या वाक्यातला अन्याय कळेल.

असं गणित डिजिटल नसतं. त्यात शून्य-एक नसतात, फक्त कमी-जास्त असतं. बँकेच्या खात्याला ते चालणार नाही. पण आज डेटा सेंटरांमधली यंत्रं ज्या कामात दिवसरात्र जुंपलेली असतात, ते न्यूरल नेटवर्कचं काम म्हणजे मुख्यतः मॅट्रिक्सचे गुणाकार आणि बेरजा आहेत. ढिगाने. आणि त्यांना फार नेमकेपणाही लागत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, हीच माझी नोकरी आहे. मोठाली मॉडेल घ्यायची, त्यांतले ३२ बिटांचे आकडे ८ बिटांवर आणायचे, आणि उत्तरं फारशी बिघडली नाहीत ना ते तपासायचं. बहुतेक वेळा बिघडत नाहीत. एवढं ढोबळ गणित चालत असेल, तर ते उजेडालाही जमू शकतं.

कसं, ते विहिरीत बघता येईल. दोन खडे टाका. दोन लाटा भेटतात तिथं उंचवट्यावर उंचवटा आला की लाट मोठी होते, उंचवट्यावर खळगा आला की विरते. चिपवर उजेड दोन पाटांत विभागतात, एका पाटाला किंचित ऊब देऊन त्यातल्या लहरीला जरासं मागे-पुढे करतात आणि दोन्ही पाट पुन्हा एकत्र आणतात. ऊब किती दिली, त्यावर बाहेर किती उजेड येणार ते ठरतं. हा झाला एक गुणाकार. असे जोड जाळ्यासारखे विणले की उजेड एका फेरीत अख्खा मॅट्रिक्स गुणून बाहेर पडतो. या जोडाला माख-झेंडर इंटरफेरोमीटर म्हणतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या 'लायगो-इंडिया'ला एप्रिल २०२३मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली, तिथं याच्याच कुळातलं यंत्र उभं राहणार आहे. त्याचे हात चार-चार किलोमीटरचे आणि काम गुरुत्वीय लहरी पकडण्याचं. चिपवरचं यंत्र मिलिमीटरहूनही लहान. तत्त्व एकच. उजेड फोडा, दोन वाटांनी पाठवा, पुन्हा जुळवा आणि फरक वाचा.

२०१७मध्ये एमआयटीच्या गटाने असे ५६ जोड असलेल्या चिपवर न्यूरल नेटवर्क चालवून दाखवलं. काम होतं ९० माणसांनी उच्चारलेले चार स्वर ओळखायचं. साध्या संगणकाने ९१.७ टक्के स्वर बरोबर ओळखले, उजेडाच्या चिपने ७६.७ टक्के. बालवाडीतल्या पोराला बरा म्हणावा असा निकाल. पण त्या निबंधाच्या लेखकांपैकी काहींनी कंपन्या काढल्या. त्यांतल्या 'लाइटमॅटर'ने एप्रिल २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आपला प्रोसेसर मांडला. तो बर्टसारखी भाषेची मॉडेल चालवतो, अटारीचे गेम खेळतो आणि सेकंदाला ६५.५ लाख कोटी क्रिया करतो. बालवाडीतून एकदम कॉलेजात.

याच निबंधातल्या दोन आकड्यांपाशी मी थांबलो. प्रोसेसरला वीज लागते ७८ वॅट. उजेड लागतो १.६ वॅट.

म्हणजे 'उजेडावर चालणारा' हा प्रोसेसर बहुतांश विजेवरच चालतो. कारण आकडे मेमरीत असतात, आणि मेमरी विजेची आहे. तिथून ते काढायचे, त्यांचा उजेड करायचा, गणित झालं की उजेडाची पुन्हा वीज करायची, कमी-जास्तचे शून्य-एक करायचे आणि परत मेमरीत ठेवायचे. गणित क्षणात होतं, खर्च दारातून आत-बाहेर करण्यात जातो. लग्न पाच मिनिटांत लागतं आणि खर्च मांडव, गाड्या आणि पंगतींचा, तसं आहे हे.

म्हणून आज उजेड खरी बाजी मारतोय तो ने-आणीतच. गूगलने आपल्या डेटा सेंटरांत 'पालोमार' नावाचे स्विच बसवलेत. एका तंतूतून आलेला उजेड इवले इवले आरसे कलवून १३६पैकी हव्या त्या तोंडाकडे वळवायचा, मध्ये वीज न करता. एनव्हिडियाने मार्च २०२५मध्ये उजेडाची जोडणी थेट चिपला खेटून बसवलेले स्विच जाहीर केले. काच आधी समुद्राखालून आली, मग शहरात, मग इमारतीत, मग कपाटात. आता ती चिपच्या उंबऱ्यापाशी पोचलीय. उजेडाचा कारकून व्हायला वेळ लागेल, पण पोस्टमन म्हणून त्याची बढती चालूच आहे.

*

इथवर हिशोब तंत्राचा होता. दुसरा हिशोब मला कुणी मागितलेला नाही.

आमच्या शेतात हळद आहे, रब्बीत गहू-हरभरा. शेतीच्या पंपाला लाईट आलटून पालटून मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मी बारावीत होतो तेव्हा डिसेंबरच्या थंडीत अण्णा रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. पाटात साप असायचा, कधी नसायचा. मी गोधडीत पडल्या पडल्या त्यांच्या बॅटरीचा ठिपका बांधावरून सरकताना खिडकीतून बघायचो आणि तो पुन्हा दिसेपर्यंत झोप लागायची नाही. आज माझा कोड ज्या इमारतीत पळतो, तिथली लाईट एक सेकंदही जात नाही. ती जाऊ नये म्हणून बॅटऱ्या आहेत, डिझेलचे जनरेटर आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३०पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल, असंही त्यांचं म्हणणं आहे.

तेव्हा मनात येतं, की उजेडाच्या चिपने वीज वाचली तर ती कुणाला मिळेल? याचं उत्तर १८६५मध्येच एका इंग्रजाने देऊन ठेवलंय. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल दाखवलं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तेव्हा कोळसा शिल्लक पडला नाही. इंजिनं परवडायला लागली, जागोजागी आली आणि कोळसा आणखी जळला. हे मला माझ्या ऑफिसातही दिसलं. मागच्या वर्षी आमच्या टीमने एका मॉडेलचा खर्च निम्म्याहून कमी केला. टाळ्या झाल्या, पिझ्झा आला. पुढच्याच आठवड्यात त्या मोकळ्या झालेल्या यंत्रांवर दुसरं, त्याहून मोठं मॉडेल चढलं. त्या दिवशी एकही युनिट कुणाच्या शेताकडे वळलं नाही.

अण्णांच्या शेतातला प्रश्न सुटला तो वेगळ्याच मार्गाने. दोन वर्षांपूर्वी सौर पंप आला. सकाळी नऊपासून उन्हं उतरेपर्यंत मोटार चालते, रात्रीचं जाणं बंद झालं. त्या निळ्या पाट्यांच्या आत जे घडतं, तेच उजेडाच्या चिपच्या शेवटी बसवलेल्या डिटेक्टरमध्ये घडतं. उजेड अर्धवाहकावर पडतो आणि वीज सुटते. आमच्या शेतात त्या विजेवर पाणी चढतं. चिपमध्ये तिच्यातून उत्तर वाचतात.

मी बंगळुरूला 'हो' कळवलंय. मुलाखतीत त्यांच्या प्रमुखांना मी ७८ आणि १.६ वॅटबद्दल विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तो फरक कमी करायलाच तर कंपायलरवाला हवाय." कुठला आकडा कधी उजेडात न्यायचा, किती वेळ तिथंच ठेवायचा, दारातून किती कमी वेळा आत-बाहेर करायचं, हे कंपायलर ठरवतो. चिप तापली की पाटांतल्या लहरी सरकतात आणि गुणाकार चुकायला लागतो. तो न थांबता सारखा जुळवत राहायचा, हेही माझंच काम असणार आहे. थोडक्यात, पाइपलाइनची गळती शोधण्याचं काम. ते मला समजतं.

जगाचं लाईट बिल यामुळे कमी होईल, असं मी कुणाला सांगणार नाही. वाचलेली वीज कुठं जावी, हे चिप ठरवत नाही. ते माणसं ठरवतात आणि तिथं कंपायलर लिहून भागत नाही. पण ज्या कामात माझे दिवस जाणारच आहेत, त्यातली नासाडी जिथं सगळ्यात जास्त आहे, तिथं जाऊन बसावं एवढंच मला पटलं. कर्जाचे चार हप्ते राहिलेत, तेवढी शिल्लक बाजूला काढलीय. बहिणीला फीचं सांगितलं, तर ती म्हणाली, दादा, स्कॉलरशिपचा फॉर्म मी कधीच भरलाय.

नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे. त्यातले अकरा झालेत.